चार वजा चार म्हणजे प्रामाणिक

ग्लेनिस पास्को शाळेतून निवृत्त झाली आणि कॅनबेरातल्या एका छोट्या संस्थेत वाचक म्हणून लागली. सरकारी धोरणांवर अहवाल काढणारा कुठला थिंक टँक कुठल्या बाजूला झुकलाय आणि त्याच्या शब्दावर कितपत भरवसा ठेवावा, याचा शेरा ही संस्था देते. वर्तमानपत्रं तो शेरा छापतात आणि कायदे करणाऱ्यांच्या समित्या तो बघूनच कुणाचं ऐकायचं ते ठरवतात. सगळे मोठे शहाणे! स्वतः अहवाल उघडून बघायचा तर यांच्या जिवावर येतं.

संस्थेची पद्धत अशी, की प्रत्येक अहवाल दोघांनी वाचायचा, एक जन्माचा मजूर पक्षवाला, म्हणजे डावा, आणि एक जन्माचा लिबरल, म्हणजे तिथला उजवा. दोघांनी एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. अहवाल जितका डावीकडे झुकलेला वाटेल तितके गुण डावीकडे, उजवीकडे वाटला तर उजवीकडे. मग दोघांची सरासरी काढायची. ती शून्याच्या आसपास आली की तो थिंक टँक मध्यममार्गी, आणि मध्यममार्गी म्हणजे विश्वासार्ह. तिसरी बाजूच नाही. माणूस तिसऱ्याच कुणाचं मीठ खात असेल, हे पद्धत बनवणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मजूर पक्षाकडून ग्लेनिस वाचायची. लिबरलांकडून नेव्हिल स्ट्रँग, यास गावचा लोकरीचा जुना व्यापारी.

त्या वर्षी ट्रेमेन इन्स्टिट्यूट नावाच्या थिंक टँकचा अहवाल आला. क्लबातल्या जुगाराच्या मशिनांवर, म्हणजे पोकीजवर, एका वेळी किती पैसे लावता येतील याची मर्यादा आणायचं चाललं होतं. ट्रेमेनवाले म्हणत होते की मर्यादेचा काही उपयोग नाही, मशिनं ही एकट्या म्हाताऱ्यांची करमणूक आहे. ग्लेनिसची थोरली बहीण वॅल क्वीनबियनच्या क्लबात रोज दुपारी हीच करमणूक करत होती. करमणुकीपायी गाडी विकून झाली होती, आता क्लबात पायी जायची. ही मर्यादा आली तर वॅल वाचेल, एवढीच ग्लेनिसला आशा होती. मशिनवाल्या बड्या मालकांची भाषा, म्हणजे उजवी, असं म्हणून तिनं दात-ओठ खात उजवीकडे चार गुण ठोकले.

शेरा लागला: मध्यममार्गी, विश्वासार्ह.

ग्लेनिसला काही कळेना. नियम म्हणजे नियम, म्हणून ती गप्प बसली. नाताळच्या आधी ऑफिसची मंडळी तळ्याकाठी बार्बेक्यूला जमली. नेव्हिल पावात सॉसेज घालून तिच्याशेजारी येऊन बसला.

"काय गं, तुमचे ट्रेमेनवाले भारीच निर्लज्ज निघाले!"

"आमचे? आमचे कुठून? तुमचे ते!"

"आमचे? अगं बाई, कामगारांच्या क्लबांची तळी उचललीय सगळी. मी डावीकडे चार दिलेत."

ग्लेनिसचा घास तोंडातच राहिला. "आणि मी उजवीकडे चार."

नेव्हिलनं सॉसेज ताटात टाकलं.

"म्हणजे आपण दोघांनी त्यांना चोर म्हटलं," तो म्हणाला, "आणि बेरीज करून ते साव ठरले?"

"शी! क्लबवाल्यांनी पोसलेली कुत्री ती. ना तुमची, ना आमची."

दोघं तसेच क्रेगकडे गेले. क्रेग लिंडमन हा संस्थेचा संचालक, बोलणं अगदी लोण्यासारखं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही एकमेकांशी बोललात?" त्यानं विचारलं.

"अरे, बोललो म्हणून तर कळलं!" ग्लेनिस म्हणाली.

"मग तुमचे गुण रद्द. नियम आहे, ग्लेनिस. पक्षपात नको म्हणूनच तर केलाय."

"आणि रद्द झाल्यावर शेरा काय राहणार?"

"गेल्या वर्षीचाच. मध्यममार्गी."

"गेल्या वर्षीही आम्हीच वाचलं होतं, गाढवा!" नेव्हिल ओरडला.

"त्या वर्षी तुम्ही बोलला नव्हतात," क्रेग म्हणाला आणि सॅलडचं भांडं पुढे केलं. ते त्याच्या डोक्यावर पालथं घालावं असं ग्लेनिसला वाटलं. घातलं असतं तर बरं झालं असतं.

दोघांनी नोकरी सोडली. समितीला पत्रं धाडली, वर्तमानपत्रांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच विचारणा, तुम्ही कुठल्या पक्षाचे? खरं सांगितलं की समोरचा हसून म्हणायचा, मग तुम्ही असंच बोलणार. समितीनं ट्रेमेनला मानानं बोलावलं, त्यांचं म्हणणं ऐकलं आणि मर्यादा बासनात गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस क्लबात गेली. वॅल नेहमीच्या मशिनपाशी बसली होती, शेजारी थंड झालेला चहा.

"वॅल, चल घरी. जेवायला चल माझ्याकडे."

"आता काय गं तुझं?" वॅलनं मान वर केली नाही. "टीव्हीवर सांगितलं की काल. ते ट्रेमेनवाले म्हणतात, या मशिनांनी कुणाचं वाईट होत नाही. आणि ते प्रामाणिक आहेत असं तुझ्याच ऑफिसनं सांगितलंय."

"ते खोटं आहे, वॅल."

"खोटं कसं असेल? तू स्वतः वाचलंस ना ते?"

"वाचलं."

"मग झालं तर," वॅल म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.