सूर्यभान खिल्लारेची टर्बो गाडी

परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या ग्रंथालयाचा कारकून सूर्यभान खिल्लारे याच्याकडे स्वतःची मोटार आहे, हे ऐकणाऱ्याला खरं वाटत नसे. मोटार पाहिली की मग पटायचं. जुनी लँडमास्टर होती ती. मानवतच्या एका कापूसदलालाच्या गोदामात इतकी वर्षं उभी होती की मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. दलालाला गोदाम रिकामं करायचं होतं आणि सूर्यभानच्या हाती नुकतीच पगाराची थकबाकी पडली होती. "दोन अडलेल्या माणसांचा सौदा तो," सूर्यभान पुढं स्वतःच सांगायचा. "त्याचं गोदाम रिकामं झालं आन् माझं डोकं."

सपाट रस्त्याला गाडी बरी चालायची. परभणीहून पेडगावला जाऊन यायला तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती सूर्यभानच्या सासुरवाडीबद्दल. सासुरवाडी राणीसावरगावला. गंगाखेड सोडलं, गोदावरी मागं पडली की पुढं रस्ता डोंगराला लागतो, आणि तिथं लँडमास्टरला धाप लागायची. निम्म्या चढावर ती थांबायची, निळा धूर सोडायची आणि मग सगळ्यांनी उतरून ढकलायचं. बायको सुमंगला सुद्धा पदर खोचून उतरायची. पाच-सहा खेपा झाल्यावर ती चढ यायच्या आधीच चपला काढून हातात घेऊन बसू लागली.

मागच्या हिवाळ्यात तर फजितीच झाली. सूर्यभान गाडीला खांदा लावून उभा असताना मागून त्याचा साडू माधवराव राजदूत फटफटीवरून आला. थांबला, गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणाला, "सूर्यभानराव, गाडीत तुमी बसता का गाडी तुमच्यावर बसती?" एवढं बोलून तो फटफट करत वर निघून गेला. सुमंगला हसली नाही, पण तिनं तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलत होते, हे सूर्यभाननं पाहिलं.

आता खरं सांगायचं तर गाडीला काय झालंय हे सूर्यभानला ठाऊक होतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. निळा धूर निघतो म्हणजे रिंगा गेल्या, एवढं गाडीवाल्या कोणालाही कळतं. रिंगा बदलायला फार खर्चही येणार नव्हता. पण रिंगा बदलल्या असं माधवरावला सांगण्यात काय मजा? ऐकणाऱ्यानं "अस्सं?" म्हणावं आणि तंबाखू मळावी, असली ती दुरुस्ती.

अशातच शहात्तर सालच्या उन्हाळ्याआधी ग्रंथालयात ट्रॅक्टरांवरचं एक परदेशी मासिक आलं. आलेल्या मासिकांवर शिक्का मारायचं काम सूर्यभानचं. शिक्का मारता मारता त्याला एक चित्र दिसलं: गोगलगाईसारखं वेटोळं लोखंडी भांडं, आत पंखा. खाली नाव, टर्बोचार्जर. शब्दकोश काढून त्यानं तो मजकूर दुपारभर वाचला. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांडीवरचा दुसरा पंखा बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतो, आणि त्याच इंजिनाची ताकद सवाई-दिढी होते. धुरातून ताकद! म्हणजे आपण इतके दिवस जे फुकट हवेत सोडत होतो, तेच परत कामाला लावायचं. कारकुनाच्या पगारात बसणारी अशी गोष्ट त्यानं आयुष्यात दुसरी वाचली नव्हती. त्या दिवशी पुस्तकं बदलायला आलेली पोरं खिडकीशी ताटकळली आणि सूर्यभान आपल्याच विचारात मासिकाच्या पानापानावर शिक्के मारत राहिला.

संध्याकाळी तो खाजामियाँकडे गेला. खाजामियाँ हे स्टेशनजवळचे मिस्त्री. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि मोटारी हा त्यांचा शौक. सूर्यभाननं कागदावर गोगलगाय काढून दाखवली. खाजामियाँनी कागद उलटा-सुलटा पाहिला.

"ऐसा माल तो मैं देखा," ते म्हणाले. "कालव्याच्या कामावरचा मोठा बुलडोजर मोडला ना, त्याचा भंगार इथंच आलेला हाय. उसमें हाय ये चीज."

"आपल्या गाडीला बसंल का?"

"बसंल क्या! नाही बसला तर बसवू."

दोघांपैकी एकालाही असं वाटलं नाही की बुलडोझर तो बुलडोझर आणि लँडमास्टर ती लँडमास्टर. "आमी दोघं मिळून एक शहाणा होत नव्हतो," सूर्यभान पुढं म्हणायचा. "पण उत्साह चार जणांचा होता."

भंगारवाल्यानं ती गोगलगाय लोखंडाच्या भावानं तोलून दिली. दोघांनी मिळून ती हातगाडीवर घातली, इतकी जड. घरी आल्यावर सुमंगलानं विचारलं, "हे काय आणलंत? उखळ का?"

"टर्बो हाय. आता गाडी चढावर पळंल."

"आन् रिंगा?"

सूर्यभान टर्बोवरची धूळ पुसू लागला. रिंगांचं तिला त्यानंच कधीतरी सांगून ठेवलं होतं, आणि त्याचा त्याला फार पश्चात्ताप झाला.

मग महिनाभर, रोज कचेरी सुटली की बेत चालू. मासिकात ज्या वस्तू दिल्या होत्या त्यांतली एकही परभणीत मिळत नव्हती आणि मिळाली असती तरी परवडली नसती. त्यामुळं प्रत्येकीला काहीतरी गावठी तोड निघाली. धुराची नळी बोअरच्या पाइपाचा तुकडा कापून झाली. हवेच्या जोडाला ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर आलं. हवा गार ठेवायला तिथं लिहिलेलं यंत्र काही समजेना, तेव्हा खाजामियाँनी नळीला तरटाची चिंधी गुंडाळली आणि वर पाणी मारायला एक तांब्या गाडीत ठेवला. बॉनेट मात्र काही केल्या बंद होईना. टर्बो वर यायचा. शेवटी बॉनेटला मधोमध भोक पाडलं आणि ती लोखंडी गोगलगाय डोकं वर काढून बसली. गाडीला आवाळू आल्यासारखं दिसायचं. सूर्यभानला ते सुंदर वाटलं.

पेडगावच्या रस्त्यावर परीक्षा झाली. गाडी पहिल्याइतकीच धावली, कदाचित थोडी हळूच, पण एक लांब बारीक शिट्टी येऊ लागली.

"सुना?" खाजामियाँ खिडकीतून कान बाहेर काढून ओरडले. "टर्बो बोलने लगा!"

दोघंही इतके खूश झाले की वाटेत थांबून त्यांनी भजी खाल्ली. ती शिट्टी टर्बोची नव्हती, पाइपाच्या जोडातून निसटणाऱ्या धुराची होती, हे पुष्कळ नंतर कळलं.

त्याच सुमाराला सुमंगलाचा भाऊ नागनाथ निरोप घेऊन आला. राणीसावरगावला बौद्ध वाड्यात नवं विहार बांधून झालं होतं. बुद्ध पौर्णिमेला मूर्ती बसवायची होती आणि मूर्ती रेल्वेनं परभणीला येणार होती. सुमंगलाचे वडील किशनराव, म्हणजे गावचे रिटायर झालेले हेडमास्तर, म्हणाले होते की मूर्ती भाड्याच्या जीपनं आणू. सूर्यभाननं पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

"मामांना सांग, जीप करू नका. मूर्ती माझ्या गाडीतून येईल. आन् सांग, कोणाला ढकलायला यायची गरज न्हाई. गाडीला टर्बो बसवलाय."

नागनाथ गेला आणि त्यानं ते शब्दाला शब्द सांगितलं. फक्त किशनरावांना नाही, साऱ्या गावाला.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळीच ते निघाले. मागच्या सीटवर वाकळीत गुंडाळलेली मूर्ती, तिला धरून सुमंगला, पुढं सूर्यभान आणि तांब्या घेऊन खाजामियाँ. गंगाखेडपर्यंत शिट्टी वाजत राहिली. बाजारातली माणसं वळून पाहायची आणि सूर्यभान मान ताठ करायचा. चढ आला तशी सुमंगलानं सवयीनं चपला काढल्या.

"घाल त्या," सूर्यभान म्हणाला.

पहिल्या वळणाला गाडी हळू झाली. दुसऱ्या वळणाच्या अलीकडंच, म्हणजे पूर्वी जिथं थांबायची त्याच्याही बऱ्याच खाली, ती थांबली. शिट्टी बंद पडली. आत कुठंतरी धूर कोंडल्यासारखा घुर्र आवाज झाला आणि तरटाच्या चिंधीतून वाफ निघू लागली. खाजामियाँनी तांब्या ओतला. वाफ वाढली.

आता बुलडोझरचा पंखा फिरवायला बुलडोझरएवढा धूर लागतो. लँडमास्टरच्या धुरानं तो हलायलाही तयार नव्हता. उलट धुराच्या वाटेत आडवा बसला होता. म्हणजे आधी गाडीला नुसती धाप लागत होती, आता सूर्यभाननं तिच्या तोंडात बोळाही कोंबला होता. हे त्याला तिथंच, त्या वळणावर, स्टिअरिंगवर हात ठेवून लख्ख समजलं. मूर्ती असल्यानं गाडी धक्के देत ढकलायची सोय नव्हती. वर गाव वाट पाहत होतं. ऊन असं की डांबर चिकटत होतं.

"काय करायचं?" सुमंगलानं विचारलं.

"परत जायचं," सूर्यभान म्हणाला. "गंगाखेडला जाऊन जीप करतो. मामांची माफी मागतो. माधवरावची बी मागतो."

हे म्हणताना त्याचा आवाज असा झाला की सुमंगलानं त्याच्या दंडाला हात लावला.

गाडी थोडी निवली. सूर्यभाननं ती वळवायला घेतली. रस्ता अरुंद, तेव्हा पुढं-मागं, पुढं-मागं करत तोंड गंगाखेडकडं केलं. सरळ करायला म्हणून एकदा उलटा गिअर टाकून मागं घेतली, आणि गाडी मागं चढली. त्यानं ब्रेक दाबला. पुन्हा गिअर टाकला. गाडी घरघर करत पुन्हा चढली, एखादा म्हातारा कठडा धरत जिना चढावा तशी, पण चढली. उलटा गिअर पहिल्या गिअरपेक्षा जड ओढतो, हे काही गुपित नव्हतं. पण चढावर उलटं जायची पाळी आजवर कोणावर आली नव्हती.

सूर्यभान आणि खाजामियाँ एकमेकांकडं पाहू लागले.

"उतरा," सूर्यभान म्हणाला. "मागं चाला. म्हणजे पुढं. रस्ता मोकळा करा."

खाजामियाँ खांद्यावरचा रुमाल फडकावत गाडीच्या मागून, म्हणजे पुढून, चढ चढू लागले. "हटो! बाजू! गाडी आ रही हाय!" बैलगाड्यावाले गाडीचं तोंड पाहायचे, चालण्याची दिशा पाहायचे आणि बैलांसकट उभे राहायचे. वरून येणाऱ्या एस.टी.चा ड्रायव्हर थांबला आणि खिडकीतून अगदी मायेनं म्हणाला, "पाव्हणं, रस्ता चुकलात काय?" सूर्यभानची मान पिळून खांद्यावर आली होती. मागच्या सीटवर सुमंगला मूर्तीला धरून हसत होती, आवाज न करता, आणि मग आवाज करून. काही वेळानं तोही हसू लागला, आणि हसताना स्टिअरिंग हललं म्हणून तिनंच त्याला दटावलं.

राणीसावरगावच्या वेशीशी सारा वाडा जमला होता. पांढरी लुगडी, पांढरी धोतरं, हातात फुलं. त्यांच्यापुढं आधी खाजामियाँ आले, घामानं निथळत, रुमाल हलवत. मग लँडमास्टरचं बूड आलं.

किशनराव काठी टेकत पुढं झाले. त्यांनी मागची काच पाहिली, मग चालत जाऊन पुढची काच पाहिली.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमी यायलात का जायलात?"

गर्दीत असा हशा पिकला की पौर्णिमेच्या वंदनेला आलेले भन्तेही चीवर सावरत हसले. सूर्यभान गाडीतून उतरला. मान तशीच वाकडी. त्यानं हात जोडले, तेही एका बाजूला. "मामा, टर्बो बसवला नसता तर सरळ आलो असतो," तो म्हणाला. "थोडा ढकलत. पण सरळ."

माधवराव गॉगल लावून तिथंच होता. तो तोंड उघडणार, तेवढ्यात किशनरावांनी मागचं दार उघडलं, वाकळीतल्या मूर्तीला वाकून हात जोडले आणि म्हणाले, "गाडी उलटी आली म्हनून मूर्ती आधी पोचली. जावई तिच्या मागून आले. माझ्या मतानं हेच बरोबर हाय." मग माधवरावनंही गॉगल काढून हात जोडले. चौघांनी मूर्ती उचलली. सूर्यभानची सासू नर्मदाबाई मात्र त्याला ओढत घरात घेऊन गेली आणि तेल कोमट करून त्याच्या मानेला चोळत बसली. विहारातली वंदना त्यानं तिथून, भिंतीकडं तोंड करून, ऐकली.

टर्बो पुढच्याच आठवड्यात निघाला. भंगारवाल्यानं तो परत घेतला, पण भाव पाडून, आणि बॉनेटच्या भोकावर पत्रा ठोकला गेला. मग खाजामियाँनी गाजावाजा न करता रिंगा बदलल्या. निळा धूर गेला.

हिवाळ्यात सूर्यभान आणि सुमंगला पुन्हा निघाले. चढ आला, वळणं आली. गाडी सरळ, पहिल्या गिअरात, तक्रार न करता वर गेली. माथ्यावर सूर्यभाननं ती उभी केली आणि इकडं-तिकडं पाहिलं. इतक्या वर्षांनी चढ सर केला आणि बघायला चिटपाखरू नव्हतं. माधवरावची फटफटी तर नाहीच. फक्त शेळ्या घेऊन एक म्हातारी बसली होती. बायनाबाई तिचं नाव, गावातलीच. ती उठून जवळ आली, गाडी न्याहाळली, पत्र्याच्या ठिगळाला बोट लावलं.

"तुमीच का ते उलट्या गाडीचे पाव्हणे?"

"हौ," सूर्यभान म्हणाला. "मीच."

"मग आज अशी का आणली?" म्हातारीनं काळजीनं विचारलं. "बिघडली का काय?"

सुमंगलानं तोंडाला पदर लावला. सूर्यभाननं दार उघडून म्हातारीला विचारलं, गावापर्यंत येतीस का. शेळ्या कोण सांभाळील, असं म्हणून ती आली नाही.