लाकूड फुगायच्या आधी

लढाईची वर्षं होती ती. माझा भाऊ पलटणीत, लांब कुठंतरी, आणि कृष्णेवरची उताराची नाव आमच्या वडलांच्या, आबांच्या हातात. चळवळीतली फरारी पोरं नदी ओलांडून निसटतात म्हणून सरकारचा हुकूम आला आणि शिमग्यापासनं नाव काठावर ओढून ठेवावी लागली. आता नाव म्हणजे पाण्यातलं जनावर. उन्हात पडली की लाकूड आटतं, फळ्यांच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

मृगाला हुकूम उठला आणि आबा भेगा बुजवायला बसले. आई नि मी अंबाडीचा वाक, म्हणजे सालीचे धागे, विंचरायचो, आणि वैनी, माझी भावजय, मांडीवर त्याच्या पेडी वळायची. दिवस भरत आलेले, पोटामुळं मांडी पुरायची नाही, तरी तिच्यासारखी एकसारखी पेड कुणाची नव्हती. आबा ती पटाशीनं सांध्यात ठोकायचे आणि वरनं चुना नि करडीच्या तेलाचा लेप द्यायचे. राळ हवी खरी, पण लढाईपायी बाजारात राळच नव्हती. वैनी मला हळूच म्हणायची, "आबांला सांग, आदी नावंचं बाळंतपण उरका, मग माजं."

पण भेगा बुजवल्या म्हणून नाव लगेच चालत नाही, बरं का. उथळ पाण्यात बुडवून आठवडाभर ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, पेड आवळून धरतं. आबांनी नाव बुडवायला पाण्यात ओढली आणि त्याच सकाळी वैनीला कळा सुरू झाल्या. मूल आडवं. सुईण म्हणाली, माझ्या हातातलं नाही हे, सांगलीला दवाखान्यात न्या. सडक पलीकडच्या काठाला. पूल लांब, आणि चिखलात गाडी आसापर्यंत रुतायची.

आबांनी नाव तशीच पाण्यात लोटली. आई नि मी पाणी उपसायला, वैनी घोंगड्यावर. निम्म्या नदीत फळ्याफळ्यांतनं नदीचं गढूळ लाल पाणी आलं. आम्ही घागरीनं उपसतोय त्याहून जास्त आत येतंय. घोंगडं भिजलं, वैनीच्या पाठीखालनं पाणी वाहायला लागलं. पुढं धार जोराची होती. आबांनी वल्हं थांबवून आईकडं बघितलं. वैनी सासऱ्यापुढं कधी तोंड वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"मामंजी, मागं फिरवू नगासा."

आबांनी फिरवली. दिवस मावळायच्या आत ती गेली. मूल पोटातच.

नाव उथळात तशीच पाण्यानं भरून पडली होती. दहाव्याला वैनीच्या माहेरची माणसं पुलाकडनं चालत आली. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ऊन चढलं. परतताना तिच्या वडलांचे पाय उचलेनात, म्हणून आबांनी नाव उपसून काढली. मीही सवयीनं घागर घेऊन बसले, पण उपसायला काही नव्हतंच. पार निम्म्या नदीत गेलो तरी पाणी आत आलं नाही. तिच्या पेडी फळ्यांनी अशा धरल्या होत्या की सुई शिरली नसती.

व्याह्यांनी सांध्यावरनं हात फिरवला. "नाव तर चांगली हाय की," म्हणाले.

आबा वल्हं मारत राहिले. काठ जवळ आला तेव्हा बोलले, "आता हाय."