कोठ्यातली भिंत

माझी दुभती गाय गोचिडांच्या तापानं फणफणून, लाल मुतून मेली, तेव्हा दोष कुणाचा हे मी ठरवूनच टाकलं. थोरल्या भावाचा. वाटणीनंतर आमच्या गुरांच्या कोठ्यात मधोमध मातीची भिंत उभी राहिली होती. अलीकडे माझी जनावरं, पलीकडे दादाची. बोलणं बंद. मी दर बुधवारी गोचिडांचं औषध फवारायचो आणि आठवडा उलटायच्या आत गोचीड परत हजर. म्हणजे तिकडूनच येणार, दुसरं काय!

मग कालवडीलाही ताप चढला. सौंसरहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरनं सुई टोचली आणि भिंतीच्या भेगेत काडी खुपसली. काडीबरोबर चार गोचीड बाहेर आले.

"भिंतीतच भरून आहेत हे. दोन्ही कोठे एकाच दिवशी फवारा, भेगा बुजवा. पुन्हा चढले तर हे कालवड बी जाईन."

बायको म्हणाली, "जाऊन बोला ना दादाशी."

बोलतो कशाला? मी सब्बल, लोखंडी पहार, उचलली आणि भर दुपारी त्या भिंतीवर घाव घातले. प्रत्येक घावाला दादाच्या नावानं आईवरून शिवी. आई दोघांची एकच, हेही भान नव्हतं. भगदाड पडलं तशी त्यातून दादाची काठी माझ्या खांद्यावर बसली. मी सब्बल आडवी फिरवली. हात राखून मारली असं म्हणणार नाही. ती त्याच्या डाव्या कानशिलावर लागली, आणि दादा गव्हाणीत कोसळला. कानातून रक्त येत होतं.

"तुयाच कोठ्यातून येऊन राहिले," मी ओरडलो. "माही गाय खाल्ली तुया गोचिडायनं."

त्यानं पडल्या पडल्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं फवारणीचा पंप होता, शेजारी मी वापरायचो त्याच औषधाची बाटली.

"दर आयतवारी मारून राहिलो मी. मले वाटे, तूच काही करत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोनं त्याच्या कानाला माझा दुपट्टा बांधला, पण तो दवाखान्यात यायला तयार होईना. "पयले फवारून घे. दोन्हीकडं." मी फवारलं, मगच तो मोटारसायकलवर बसला.

भिंत आम्ही पुन्हा घातली नाही. कालवड वाचली, यंदा गाभण आहे. दादाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी त्याच्या उजवीकडे बसून बोलतो. कुणी विचारलं तर तो सांगतो, बैलानं शिंग मारलं.