मारुतीच्या माळेतला कडवा

सासूबाईंनी परत जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली सून आमच्या कॉलनीत मी एकटीच असेन. त्यात माया किती आणि सोय किती, याचा हिशोब मी कधी मांडला नाही. आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता, एवढं पुरेसं आहे. कॉलनीचा प्लंबर यायचा तो भर दुपारी. मी त्या वेळी ऑफिसात आणि नवरा बहुतेक दौऱ्यावर. प्लंबर कुलूप बघायचा, 'मकान बंद' असा शेरा मारायचा आणि तक्रार निकालात निघायची. सिलिंडरवाल्याचं तेच, पाण्याचं मशीन दुरुस्त करणाऱ्याचंही तेच. सगळ्यांचं म्हणणं एकच, मॅडम, घर पे कोई होना चाहिए.

मग सासूबाई आल्या. अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, खणखणीत तब्येतीच्या. पण परतीचं तिकीट सोबत घेऊनच आल्या. "करमलं तर राहीन, नाहीतर दिवाळीला माझी मी घरी," असं त्यांनी बॅग उघडण्याआधीच सांगून टाकलं. पुन्हा 'मकान बंद'चा शेरा नको म्हणून, त्या राहणार हे ठरेपर्यंत मी नळाची नवी तक्रार नोंदवली नाही.

करमेना. याला कारण आमची कॉलनी. दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये नवा माणूस दिसला की आधी त्याचं वर्गीकरण होतं. क्वार्टर कुठल्या टाइपचं? त्यावरून पगार कळतो. केडर कुठलं? त्यावरून बढती कळते. राज्य कुठलं? त्यावरून जेवण. एवढं कळलं की माणूस आपापल्या खणात जातो आणि पुढे त्याच्याशी बोलायची फारशी गरज उरत नाही. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसणाऱ्या बायकांनी सासूबाईंना पहिल्याच दिवशी खणात टाकलं.

"आंटीजी, आप बंबई से?"

"नहीं, अमरावती."

"हाँ हाँ, वही. बंबई साइड."

"बंबई वहाँ से एक रात लगती है," सासूबाई म्हणाल्या.

"अच्छा! फिर तो वड़ा-पाव घर में ही बनता होगा."

सासूबाई घरी आल्या त्या फणफणत. "जन्मभर मी किड्यांचं वर्गीकरण केलं गं, पण इतक्या घाईनं कधी नाही. किड्याला निदान भिंगाखाली तरी धरतात." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बागेत जाणं बंद केलं आणि कपाटावरच्या बॅगेकडे बघायला सुरुवात केली. मी नळाकडे बघायला सुरुवात केली.

आम्हाला वाचवलं ते रुईच्या झुडपानं. आमचं क्वार्टर तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीमागे, सांडपाण्याच्या नालीला लागून रुई आपली आपण उगवली होती. मी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. एका सकाळी चहा ठेवताना सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "अगं, इकडे ये! कडवा अंडी घालतोय! घालतोय काय, घालतेय!"

बिबळ्या कडवा म्हणजे नारिंगी रंगाचं, काळ्या काठाचं आणि पंखांच्या टोकाला पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू. त्याची अळी रुईचा विषारी चीक खाऊन वाढते, त्यामुळे फुलपाखरूही कडू होतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हे सगळं मला दूध उतू जाईपर्यंत उभ्यानं ऐकावं लागलं. पण सासूबाईंचा आवाज वर्गात शिकवताना असावा तसा लागला होता, म्हणून मी गॅस बंद केला आणि ऐकलं.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. गळत्या नळाखालच्या बादलीत पाय जाऊ न देता खिडकीशी उभं राहायचं आणि शिकायचं. कडव्याचं कुळ कुंचलपाद. पुढचे दोन पाय इतके आखूड आणि केसाळ, की रंगवायच्या कुंचल्यासारखे दिसतात. ते पाय चालायच्या उपयोगाचे नाहीत, म्हणून फुलपाखरू छातीशी दुमडून ठेवतं आणि उरलेल्या चारांवर उभं राहतं.

"पूर्वी कडव्यांचं कुळ वेगळं धरायचे," सासूबाई म्हणाल्या. "आता कुंचलपादात घेतलंय. कुळाचं उपकुळ झालं."

"म्हणजे मर्जर," मी म्हणाले. "आमचा विभाग असाच दुसऱ्या मंत्रालयात गेला. पाट्या बदलल्या, माणसं तीच."

"तुमच्याकडे कुणाच्या तरी मनात आलं म्हणून होतं. इथे पुरावा द्यावा लागतो."

त्यांच्याशी वाद घालायचा तर आधी नळ दुरुस्त व्हायला हवा होता.

त्यांना सगळ्यात आवडायची ती छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी. तीही कुंचलपादच, पण मुळीच कडू नाही. मात्र दिसते हुबेहूब कडव्यासारखी, त्यामुळे पक्षी फसतात आणि तिलाही सोडून देतात. मला हे लगेच समजलं. सरोजिनी नगरच्या बाजारातली नकली ब्रँडची पर्स खांद्याला अडकवून मी वर्षानुवर्षं मीटिंगला जाते, आणि जॉइंट सेक्रेटरी मला अजून कडू समजतात.

सगळं मार्गी लागत होतं आणि शनिवार आला.

शेजारच्या क्वार्टरमध्ये आमच्यासारखंच मराठी कुटुंब. साहेब लातूरचे, ऑडिटमधले. मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती दिवसभर खोली बंद करून वाचते आणि तिचे वडील दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. मंदिराबाहेर माळा विकत मिळतात, पण त्या त्यांना चालत नाहीत. पान स्वतः तोडायचं, त्यावर शेंदरानं 'श्रीराम' लिहायचं, माळ स्वतः ओवायची. आजवर ते पानं कुठून आणतात हा प्रश्न मला पडला नव्हता. त्या शनिवारी सासूबाईंना तो पडला, कारण साहेब आमच्या खिडकीखाली उभे होते आणि झुडूप निम्मं बोडकं झालं होतं.

"थांबा! काय करताय?"

"काकू, मारुतीसाठी," साहेब दचकून म्हणाले.

"माझ्या अळ्या आहेत त्याच्यावर."

"आणि माझी मुलगी आहे परीक्षेला."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, ही अशा भांडणातली मोठी अडचण असते. सासूबाई खिडकी लावून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "माझं तिकीट कुठल्या तारखेचं आहे, बघ जरा."

मी तारीख बघितली नाही. चप्पल घातली आणि शेजारी गेले. ऑफिसात दोन विभाग एकाच खोलीवर हक्क सांगतात तेव्हा जे करतो, तेच केलं. दोघांना समोरासमोर बसवलं, चहा दिला आणि वाटणी सुचवली. झुडूप एकच आहे, पण पानं दोन प्रकारची आहेत. कोवळी अळ्यांना, जून मारुतीला. अळ्यांना कोवळी आवडतात आणि मारुतीची तशी काही तक्रार नसावी. सासूबाईंनी विचार करून मान डोलावली. साहेब म्हणाले, "बिल्कुल, काकू. कोवळ्या पानाला हात लावला तर सांगा."

पुढे काही शनिवार शांततेत गेले. अळ्या लठ्ठ झाल्या. त्यातली बरीचशी मंडळी पक्ष्यांना नाही, पण गांधीलमाश्यांना चालली. सरतेशेवटी एकच अळी कोषात गेली. हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा कोष. सासूबाई तो दिवसातून कितीदा बघायच्या ते त्यांनाच ठाऊक. "कोष काळपट झाला, आतले नारिंगी पंख दिसायला लागले की दुसऱ्या सकाळी बाहेर येणार," त्यांनी मला बजावलं. "हा निघू दे. मग ठरवते राहायचं की जायचं." म्हणजे माझा नळ आता त्या कोषाला लटकला होता.

शनिवारी दुपारी मी घरी होते. सासूबाई घरामागून आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"कोष नाही."

"पडला असेल खाली."

"पानासकट नाही."

तेव्हा उलगडा झाला. कोष होता जून पानाच्या पालथ्या बाजूला. वाटणीत जून पानं मारुतीची. आम्ही तिघांनी मिळून अळीचा विचार केला होता; अळीचा कोष कुठे होणार याचा विचार प्राणिशास्त्राच्या बाईंनाही सुचला नव्हता.

साहेबांना विचारलं तर ते कानाला हात लावायला लागले. "काकू, शप्पथ, मी पाहिलंच नाही! वरच्या बाजूला श्रीराम लिहितो, खाली कोण बघतो?"

"अहो, ऑडिटचे ना तुम्ही? उलटून बघायचं नाही?"

"ऑफिसात बघतो," साहेब म्हणाले. "देवाच्या कामात विश्वास ठेवतो."

संध्याकाळी तिघं मार्केटच्या कोपऱ्यावरच्या मारुतीला गेलो. शनिवारची गर्दी होती. साहेबांची माळ मारुतीच्या खांद्यावर होती, तिच्यावर झेंडूची, त्यावर आणखी दोन. सासूबाईंनी चवड्यांवर उभं राहून बघितलं. "आहे! लटकतोय अजून. काळा पडलाय. उद्या सकाळी निघणार."

साहेबांनी पुजाऱ्यांना माळ परत मागितली. पुजारी म्हणाले, "चढ़ी हुई माला वापस नहीं होती, भाईसाहब. सुबह उतरेगी, तब निर्माल्य में जाएगी."

"सुबह कितने बजे?" सासूबाईंनी विचारलं.

"आरती से पहले."

रविवारी उजाडता उजाडता आम्ही तिघं मंदिराच्या दारात होतो. पुजारी निर्माल्याची टोपली घेऊन आलेच. झेंडूच्या माळा निघाल्या. रुईच्या माळेला हात घालणार तोच साहेब मध्ये उभे राहिले. दर शनिवारी निमूटपणे रांगेत उभा राहणारा हा माणूस हात पसरून पुजाऱ्यांना अडवत होता.

"पंडितजी, रुकिए. इसमें जीव है."

"किसमें?"

"हमारी माला में."

पुजाऱ्यांनी वाकून बघितलं आणि टोपली खाली ठेवली, कारण कोष तडकला होता. आतून एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि रिकाम्या कोषाला धरून लोंबकळत राहिलं. मारुतीच्या शेंदरी खांद्यावर नारिंगी पंख हळूहळू उलगडायला लागले. आरतीला आलेली माणसं जमली. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल काढला. "चमत्कार है," एक बाई म्हणाली. ही तीच, वडापाववाली.

साहेब नाक पंखांना लागेल इतके पुढे वाकले होते. अचानक घाबऱ्या आवाजात म्हणाले, "काकू! चारच पाय आहेत! माझ्या ओवण्यात दोन तुटले का हो?"

सासूबाईंनी पदर खोचला. "नहीं टूटे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "छह ही हैं. आगेवाले दो छोटे हैं, ब्रश जैसे, छाती से लगाके रखता है. इसीलिए इसके खानदान को हम कुंचलपाद बोलते हैं. पीछेवाले लोग, आगे आओ. धक्का मत दो."

आरतीला उशीर झाला. तक्रार कुणी केली नाही. पुजाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले, वडापाववाल्या बाईंनी तीन. सासूबाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि निघताना त्या बाईंना सांगितलं, "और मैं अमरावती से हूँ. नक्शा लाऊँगी कल बगीचे में."

घरी आल्यावर त्यांनी मला तिकीट रद्द करायला सांगितलं नाही. त्या साहेबांशीच बोलत होत्या. पुढच्या शनिवारपासून पानं त्या स्वतः तोडून देणार, दोन्ही बाजू तपासून. साहेबांनी फक्त श्रीराम लिहायचं.

"म्हणजे प्री-ऑडिट," साहेब म्हणाले.

मी आत जाऊन तिकीट रद्द केलं आणि त्याच हातानं नळाची तक्रार पुन्हा नोंदवली. सोमवारी भर दुपारी प्लंबर आला. दार उघडलं गेलं. नळ दुरुस्त व्हायला मात्र बराच वेळ लागला, कारण त्याला आधी खिडकीतून रुईवरची अंडी बघावी लागली.