कुजबुजे माइकसमोर उभे राहिले

आमच्या नाटक कंपनीत एक माणूस असा होता की ज्याचा चेहरा प्रेक्षकांनी कधीच पाहिला नाही. विंगेतल्या स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन तो बसायचा आणि आम्ही अडलो की शब्द पुरवायचा. त्यांचं खरं आडनाव आता माझ्याही लक्षात नाही. सगळे त्यांना कुजबुजे म्हणायचे आणि ते त्या नावाला ओ द्यायचे.

मी रंगभूमीवर राण्या केल्या, खाष्ट सासवा केल्या, एकदा तर भूतही केलं. त्या प्रत्येक भूमिकेत कुठे ना कुठे माझी बोबडी वळली आणि दर वेळी कुजबुज्यांनी मला तारलं. पूर्ण वाक्य ते कधीच देत नसत. पहिला शब्द द्यायचा आणि गप्प बसायचं. "सगळं वाक्य दिलं की नटाचा पोपट होतो, ताई," असं ते म्हणत. नटाची मान विंगेकडे जराशी वळली की शब्द तयार. तो नटाच्या कानात पडायचा, पण पहिल्या रांगेला त्याचा पत्ता लागायचा नाही.

निवृत्तीनंतर आम्ही एकाच गल्लीत राहायला आलो. तोवर त्यांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, दृष्टी पुरती गेली होती. घरात कुजबुज्यांचं काम सुरूच होतं. "उंबरा." "कप डावीकडे." "खुर्ची, जरा मागे." वहिनी वैतागायच्या.

"अहो, संसार आहे हा, तालीम नव्हे. कधीतरी मला धडपडू द्या."

गल्लीच्या टोकाला सार्वजनिक बाग होती. फार मोठी नाही, पण फिरायच्या वाटेला कडेने लोखंडी कठडा होता. त्यावर एक हात ठेवून वहिनी एकट्याच फेऱ्या मारत. कारंज्याचा आवाज आला की वळण, झाडाच्या मुळाने उचललेली फरशी लागली की पाऊल जपून. कुजबुजे बाकावर बसून बघत राहायचे. तिथे मात्र ते अवाक्षर काढत नसत.

"सबंध गावात एवढ्याच एका जागी ती कुणाचा हात न धरता चालते," ते मला म्हणाले होते.

आणि नगरपालिकेने ठरवलं की ही बाग काढून तिथे दुकानांची आणि गाड्या लावायची इमारत उठवायची.

मग काय, गल्ली पेटली. रोज संध्याकाळी कारंज्यापाशी माणसं जमू लागली. इस्त्रीवाला, निवृत्त कंडक्टरबाई, शिकवणीच्या मुली, सगळे आपापली गाऱ्हाणी मांडायचे. कुजबुजे कोपऱ्यात बसून ऐकायचे. कुणाचं बोलणं कुठे अडखळतं, कुठे सुसाट सुटतं, हे त्यांच्या मनात आपोआप साठत होतं. सवयच ती.

जाहीर सुनावणीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. समोर सुनावणीच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. बोलणाऱ्याने उभं राहायच्या जागेच्या अगदी मागची, डाव्या हाताची खुर्ची कुजबुज्यांनी पकडली. वहिनी आणि मी त्यांच्या शेजारी.

पहिला उठला इस्त्रीवाला. गल्लीत अखंड बडबडणारा तो माणूस माइक बघून गारठला. "मॅडम, मी... मी..." त्याची मान डावीकडे वळली.

"सावली," कुजबुजे पुटपुटले.

"सावली," इस्त्रीवाला म्हणाला आणि नळ सुटावा तसा बोलत सुटला. मग कंडक्टरबाई. मग शिकवणीच्या मुली. प्रत्येकजण अडे, प्रत्येकाची मान डावीकडे वळे आणि गाडी रुळावर येई. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते.

इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराचे वकील मात्र डोळे बारीक करून बघत होते. ते उठले.

"मॅडम, या सगळ्यांची मान एकाच बाजूला धरलीय का?" लोक हसले. "मागचे गृहस्थ यांना शब्द पुरवतायत. ही लोकांची मतं नाहीत, पाठांतर आहे."

अध्यक्षबाईंनी लेखणी खाली ठेवली. "असं असेल तर हे सगळं मला नोंदीतून वगळावं लागेल."

कुजबुज्यांचा चेहरा पांढरा पडला. ज्या कलेवर आमची कंपनी उभी होती, तीच आता बागेच्या मुळावर आली होती.

"मागचे गृहस्थ म्हणजे हेच ना?" वहिनींनी मला विचारलं.

"हो, पकडलं त्यांना."

"बरं झालं. आता तरी स्वतःचं बोलतील."

कुजबुजे उठले. ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, मोठ्याने." पण मोठा आवाज त्या गळ्यात होताच कुठे? अध्यक्षबाईंनी त्यांना माइकजवळ बोलावलं आणि ते आपल्या नेहमीच्याच आवाजात बोलू लागले. ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत अक्षरन् अक्षर पोचली.

"वकीलसाहेबांचं खरं आहे. मी शब्द दिले. अडलेला माणूस मला बघवत नाही. पण एकेकच शब्द दिला, आणि तोही ज्याचा त्यालाच. माझं स्वतःचं म्हणणं एवढंच आहे. माझ्या बायकोला दिसत नाही. घरात मी तिला पाऊल न् पाऊल सांगतो. बागेत सांगावं लागत नाही. तिथे ती एकटी चालते आणि मी नुसता बघतो. आता मी बाहेर जातो, मॅडम. तुम्ही यांना पुन्हा विचारा."

आणि ते खरंच बाहेर गेले, दार हलकेच लावून.

इस्त्रीवाला पुन्हा उभा राहिला. मान डावीकडे गेली. खुर्ची रिकामी. एवढी भयाण शांतता मी भूत केलं होतं तेव्हाही ऐकली नव्हती. मला राहवेना, मी तोंड उघडलं, तर वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"गप्प बसा, ताई. येईल त्याला."

"काय बोलायचं होतं ते गेलं डोक्यातून," इस्त्रीवाला शेवटी म्हणाला. "दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभा असतो, मॅडम. दुपारी त्या झाडाखाली डबा खाल्ला की पुन्हा माणसात येतो. तिथे दुकानं झाली तर बसू कुठे? काउंटरवर?"

अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. त्यांनी लेखणी उचलली.

मग कंडक्टरबाई. त्यांनी मान वळवलीच नाही. "जन्मभर लोकांना म्हणाले, पुढे सरका, पुढे सरका. आज मी स्वतः सरकणार नाही. काय करायचं ते करा."

मी धावत बाहेर गेले. कुजबुजे पायरीवर बसले होते.

"अडला का तो?"

"अडला ना, चांगलाच."

"मग कुणी दिला शब्द?"

"कुणी नाही. आपला आपणच सुटला."

कंडक्टरबाईंचं वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "हे बागेत कधी बोलल्या नव्हत्या हो," ते म्हणाले, "हे माझ्याकडे नव्हतंच." एवढा अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या एकाही प्रयोगानंतर पाहिला नव्हता. आणि खरं सांगते, मला जराही हेवा वाटला नाही.

काही आठवड्यांनी बागेच्या फाटकावर नोटीस लागली. इमारतीचा प्रस्ताव रद्द, बाग आहे तशीच राहणार. कंडक्टरबाईंनी ती वहिनींना आणि मला खणखणीत आवाजात वाचून दाखवली. वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि हात पुढे करून कठडा शोधला.

"तुम्ही दोघी बोलत बसा," त्या म्हणाल्या. "मी जाऊन येते."