उतरता उतरता परत गेलेलं विमान

विमानात एकदाही पाय न ठेवता जगातल्या तमाम वैमानिकांना नापास करण्याचा अधिकार अख्ख्या वऱ्हाडात एकाच माणसाकडे आहे, आणि तो माणूस म्हणजे आमचा मामा. मामाची सगळी नोकरी अकोल्याच्या बसस्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत गेली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागायची, ती तिथे न लागता भलतीकडेच काहून लागली, आणि त्यावर ड्रायव्हर काय थापा मारतो, हे तीस वर्षं पाहिलेला माणूस रिटायर झाल्यावर घरात स्वस्थ बसेल कसा? सहा महिने त्याने मामीच्या स्वयंपाकघरात कुकर कोणत्या शेगडीवर लागायचा याचं नियंत्रण केलं. शेवटी मामीनेच हात जोडून त्याला दिल्लीला लेकीकडे धाडलं. लेकीच्या सोसायटीची गच्ची नेमकी विमानतळाच्या अंगाला. शेजारी शेजारी समांतर धावपट्ट्या, एकीवर उतरतंय, दुसरीवरून उडतंय, मागे आणखी पाचसहा रांगेत. पहिल्या दिवशी मामा जेवायलाच खाली आला नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मामा दिल्लीला. अकोल्याचा माणूस मे महिन्यात दिल्लीला जातो तो तसाही थंड हवेसाठीच. पण मामाचं कारण वेगळं. त्या दिवसांत तिथे धुळीची वादळं उठतात, वारा फिरतो आणि विमानं काहीच्या काही वागतात. सरळ उतरणाऱ्या विमानात मामाला काडीचा रस नाही. डाव्या पट्टीचा नेम धरून आलेलं विमान ऐनवेळी उजवीकडे सरकलं की तो खुर्चीवरून उठतो. वारा फिरून सगळी रांगच उलट्या दिशेने यायला लागली की हातातला चहा निवतो. आणि पट्टीपर्यंत येऊन, न टेकता, पुन्हा वर निघून गेलेलं विमान म्हणजे तर मामाची दिवाळीच. हे सगळं एका लांबट वहीत उतरतं: वेळ, गाडी, फलाट, शेरा. धावपट्टीला मामा फलाटच म्हणतो. शेऱ्याच्या रकान्यात 'डावीकडची उजवीकडे लागली, विचारणार कोन?' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. डोक्याला पिवळा दुपट्टा बांधून तो कठड्याशी उभा राहतो आणि स्टँडवरच्या त्याच नाकातल्या आवाजात घोषणा करतो. पापड वाळत घालायला आलेली चौथ्या मजल्यावरची बाई नवऱ्याचं विमान आलं का, हे आता नवऱ्याला नाही, मामालाच विचारते.

आमच्या अमरावतीला विमानं सुरू झाली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात त्याला बेलोऱ्याच्या विमानतळावर चला म्हणालो. त्याने पट्ट्या किती, एवढंच विचारलं. एकच, म्हटल्यावर म्हणाला, "एकच फलाट? मंग गाडी चुकन कशी?" आणि विषय संपला. स्वतः मात्र विमानात बसायचं नाव काढत नाही. ड्रायव्हर ओळखीचा नसला तर आपण गाडीत चढत नाही, असं त्याचं तत्त्व. मग दिल्लीच्या रेल्वेचा ड्रायव्हर कुठला ओळखीचा, असं कोणी विचारलं की त्याला नेमकं ऐकू येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामीचे गुडघे इतके दुखायला लागले की रेल्वेचा प्रवास झेपेना. म्हणून ताईने, म्हणजे मामाच्या लेकीने, तिला नागपूरहून विमानाचं तिकीट काढून दिलं. मामीचा पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीने. मामा महिनाभर आधीच पोचलेला, आणि मीही ऑफिसच्या कामाने दिल्लीत होतो. विमान साडेपाचला येणार होतं. वेळेआधीही येऊ शकतं, असं ताईने बजावलं, तर मामा नुसता हसला. वेळेआधी येते ती गाडी नसते, ती आदल्या फेरीची उशिरा आलेली गाडी असते, हे त्याचं तीस वर्षांचं ज्ञान. त्यामुळे साडेपाचच्या आत जे काही येईल ते परक्याचं, असं धरून तो निवांत होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी एक विमान आमच्या बाजूच्या पट्टीवर उतरायला आलं. पुढचं विमान अजून पट्टीवरच रेंगाळत होतं. हे खाली आलं, आणखी खाली आलं, आता टेकणार तेवढ्यात नाक वर करून घोंघावत आमच्या समोरून निघून गेलं. मामाने टाळी वाजवली, फलाटाला न लागता गाडी गेल्याची घोषणा केली आणि मान खाली घालून शेरा लिहायला घेतला: 'ड्रायव्हर शाना.' एवढ्यात ताई विमानांचा नकाशा उघडलेला फोन घेऊन धापा टाकत वर आली. म्हणाली, "बाबा, थे आईचं विमान होतं."

मामाने वही मिटली. अशा वेळी परत नेणारा ड्रायव्हरच खरा हुशार, यात घाबरायचं काही नसतं, हे त्याने साऱ्या सोसायटीला शिकवलेलं. मी त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं.

"अबे, थे मी दुसऱ्याच्या बायकोसाठी सांगत होतो," मामा म्हणाला.

नंतरची पंधरा मिनिटं तो कठड्याला चिकटून उभा होता. विमानं एकामागून एक उतरत होती. एक तर डावीकडून उजवीकडे सरकलं, पण मामाने पाहिलंसुद्धा नाही. ताईने बोट दाखवलेलं विमान आलं, टेकलं, धुरळा उडाला, तेव्हा कुठे तो कठड्यापासून हलला. मला फार वाईट वाटलं त्याचं.

संध्याकाळी विमानतळाच्या दारातून मामी लोणच्याची बरणी पोटाशी धरून बाहेर आली. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. तिकिटातच दोन चकरा असतात, अशी तिची समजूत झालेली. "पहिल्या टायमाले तुमी दिसले न, पिवळ्या दुपट्ट्यात," ती मामाला म्हणाली. "मी इतका हात हालवला, तं तुमची मान खाली. दुसऱ्या टायमाले पाह्यलं तं हात जोडून उभे. कोनाच्या पाया पडून राह्यले होते?"

मामाने बरणी तिच्या हातातून घेतली आणि पुढे चालू लागला. वहीतला त्या दिवसाचा शेरा त्याने खोडला, दुसरा काही लिहिला नाही.

आता मामीचे गुडघे पार गेले, म्हणून यंदा मामाही दिल्लीला गेला नाही. परवा अकोल्याला गेलो तर तो गच्चीवर होता. वही नव्हती. खूप उंचावरून, पांढरी रेघ ओढत एक विमान चाललेलं, आणि मामा डोक्याचा दुपट्टा सोडून विमानाच्या दिशेने हलवत होता. खाली अंगणात खाटेवर बसलेली मामी ओरडली, इतक्या वरून त्यायले काय दिसत असन!

मामाची नजर वरच होती. "तुले दिसलो होतो नं," तो म्हणाला, आणि विमान दिसेनासं होईपर्यंत दुपट्टा हलवत राहिला.