बार्टली हॅनरहनची साक्ष

बार्टली हॅनरहनच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. ती तो हौसेने मिरवायचा, कारण ती कॅचरची बोटं होती. त्या काळी बेसबॉलचा कॅचर पिचरने फेकलेला चेंडू उघड्या तळव्यांनी झेलायचा, आणि बोटं शाबूत असलेल्या कॅचरला लोक हसायचे. उजव्या अंगठ्याचं मात्र वेगळं होतं. तो वाकडा अंगठा दिसला की बार्टलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि स्वतःचा अंगठा म्हटला की तो दिवसभर दिसणारच.

त्या अंगठ्याची गोष्ट अठराशे सत्त्याहत्तर सालची. अमेरिकेतल्या हार्लन फॉल्स गावच्या क्लबाचा कॅप्टन होता लेम्युएल स्टॉडर्ड, मिशांना मेण लावणारा आणि जिभेला हाड नसलेला माणूस. सामन्याच्या सकाळी बार्टलीने त्याला सुजून काळानिळा झालेला अंगठा दाखवला.

"कॅप्टन, मोडलाय. आज मला बसव."

"आयरिश हाड आहे ते, मोडतंय कुठे? जा, गुमान उभा राहा."

बार्टली उभा राहिला. हातातून चार चेंडू सुटले आणि सामना गेला. संचालकांनी कॅप्टनला धारेवर धरलं, तेव्हा या महाभागाने डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, की हॅनरहनने सामना जुगाऱ्यांना विकला. अंगठा? कसला अंगठा? मला कुणी काही दाखवलं नाही. एवढ्यावर तो थांबला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्याने सगळ्या क्लबांना पत्र धाडलं, 'हॅनरहन हा सामने विकणारा खोटारडा इसम आहे. त्याच्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवू नये.' बॉस्टनपासून सेंट लुइसपर्यंत एक दार उघडं राहिलं नाही.

मैदान क्लबाचं नव्हतं, बिअरच्या भट्टीवाल्या क्लाइनश्मिटबाईंचं होतं. बाईंना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसे, पण माणूस कळायचा. त्यांनी बार्टलीला माळी म्हणून ठेवला. म्हणजे ज्या मैदानावर लोक त्याच्या नावाने टोप्या उडवायचे, तिथेच तो विळ्याने गवत कापू लागला, आणि स्टॉडर्ड येता-जाता म्हणायचा, "काय रे बार्टली, गवत तरी विकत नाहीस ना?" सगळे फिदीफिदी हसायचे. बार्टली मान खाली घालून कापत राही. लोकांना वाटायचं, बिचारा निवला. निवला कसला! डूख धरून बसला होता तो.

बाहेरच्यांचं एक वेळ सोडा. दर ईस्टरला पापांची कबुली द्यायला गेला की फादर विचारायचे, "अजून काही राहिलंय का, बार्टली?" काय राहिलंय ते दोघांनाही ठाऊक. आणि त्याची बायको डिलिया, लाखात एक बाई, पण तीसुद्धा वर्षातून एकदा कोबी चिरता चिरता हळूच म्हणायची, "खरंच नव्हता ना रे विकलास?" त्या दिवशी बार्टलीला जेवण जात नसे. त्याला नोकरी नको होती, कॅचरची जागा नको होती. स्टॉडर्डने ज्या तोंडाने त्याचं नाव बुडवलं, त्याच तोंडाने ते चारचौघांत परत काढावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि वर त्या माणसाची चांगली जिरावी. खोटं कशाला बोला, हेही हवंच होतं.

ऐंशी सालच्या सप्टेंबरात ऑलबनीकर शेवटचा सामना खेळायला आले. जिंकेल त्याचा मोसमाचा झेंडा. शेवटच्या डावात हार्लन फॉल्स एका धावेने पुढे होतं. ऑलबनीचे दोन गडी बाद, दोन गडी बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवर. त्यांच्या फलंदाजाने चेंडू डावीकडे उंच मारला, थेट दोरापलीकडे उभ्या असलेल्या बग्ग्यांच्या दिशेने. हार्लन फॉल्सचा क्षेत्ररक्षक धावला, पालथा पडला, धुरळा उडाला, आणि तो उठला तेव्हा चेंडू त्याच्या हातात होता. तोवर बेसवरचे दोघं धाव पुरी करून घरच्या बेसवर पोचले होते. झेल असेल तर तिसरा गडी बाद, डाव संपला आणि सामना स्टॉडर्डचा. टप्पा पडला असेल तर दोन धावा आणि सामना ऑलबनीचा.

तेव्हा अख्ख्या मैदानात अंपायर एकच असायचा. त्याला दिसलं नाही तर त्याने प्रेक्षकांतल्या भल्या माणसाला विचारावं, असा नियमच होता. अंपायर क्रेन डोळे चोळत म्हणाला, "मला धुरळ्याशिवाय काही दिसलं नाही. जवळ कोण होतं?"

जवळ होता बार्टली. चार हातांवर, विळा घेऊन. चेंडू गवताला टेकून उसळलेला त्याने स्वच्छ पाहिला होता.

स्टॉडर्डला वाटलं, गावचा माणूस, आपल्याच मैदानाचा माळी, जातोय कुठे! तो ओरडला, "बार्टलीला विचारा! त्याने पाहिलंय!"

बार्टली टोपी हातात घेऊन आला. तीन वर्षांत देवाने पहिल्यांदा त्याचं ऐकलं होतं.

"माझी साक्ष कशी चालेल, साहेब?" तो अंपायरला म्हणाला. "मी खोटारडा. कॅप्टननेच लिहून कळवलंय सगळ्यांना."

"आम्हालाही आलं होतं ते पत्र," ऑलबनीचा कॅप्टन मॅकॅफ्री म्हणाला. "या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, असं साफ लिहिलंय."

क्रेनने खांदे उडवले. "साक्ष नसेल तर मी धावा देतो. झेल मी पाहिलेला नाही."

स्टॉडर्डच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, ते जुनं झालं! आता सुधारलाय तो."

"सुधारलो?" बार्टली म्हणाला. "म्हणजे तेव्हा बिघडलो होतो?"

"बार्टली, बाबा रे, ही वेळ आहे का?"

"हीच आहे. अंगठा दाखवला होता की नव्हता, ते बोल."

दोन हजार माणसं दोरापाशी दाटली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "बोल की लेका!" स्टॉडर्डने झेंड्याकडे पाहिलं, मग धुळीने माखलेल्या क्षेत्ररक्षकाकडे पाहिलं. तो मान डोलवत होता, झेल आहे, झेल आहे.

"दाखवला होता," स्टॉडर्ड पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"दाखवला होता! अंगठा मोडला होता, मीच खेळायला लावला! त्याने सामना विकला नाही. पत्र खोटं होतं, मी लिहिलं होतं! हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नाही! झालं समाधान? आता सांग!"

बार्टलीचे डोळे भरून आले, याचा त्याला स्वतःचाच राग आला. आज संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरात हे कळणार होतं. डिलियालाही.

"टप्पा पडला होता, साहेब," तो अंपायरला म्हणाला. "चेंडू आधी गवताला लागला, मग याच्या हातात आला. लागला ती जागा दाखवतो, या."

क्रेन जाऊन वाकला. चुरगळलेलं गवत पाहून त्याने हात वर केला. "दोन धावा. सामना ऑलबनीचा."

स्टॉडर्डचा चेहरा बिटासारखा लाल झाला. तो बार्टलीच्या अंगावर धावून आला, मूठ उगारली, तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिला. जो शब्द बाहेर काढायचा होता तो त्याने नुकताच सगळ्या गावासमोर गिळला होता.

बार्टली जागचा हलला नाही.

"म्हण की, कॅप्टन," तो म्हणाला. "म्हण ना. खोटारडा म्हण."